पूल उघडू नये

उट्रेख्त, मंगळवार

प्रिय रिन्से,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. हा चौथा कागद आहे. पहिल्यात नुसती कारणं उतरली, दुसऱ्यात नुसती माफी, आणि तिसरा वाचून पाहिला तर कार्यालयाच्या परिपत्रकासारखा वाटला, म्हणून तोही फाडला. तेहतीस वर्षं मी दुसऱ्यांची वाक्यं नीट करत आले आणि आज सख्ख्या भावाला लिहायचं तर एक ओळ सरळ उभी राहत नाहीये. तेव्हा जसं येईल तसं लिहिते. मध्येच कुठे भरकटले तर वैतागू नकोस. वैतागलास तरी वाच मात्र शेवटपर्यंत.

माझं तसं बरं आहे. गुडघा कुरकुरतो, जिने उतरताना जास्त. सप्टेंबरात निवृत्त होईन. कार्यालयातली पोरं आत्तापासूनच विचारतात, 'हिस्के, तुझी हिरवी पेनं कुणाला देणार?' रविवारी मोहरीचं सूप केलं आणि सवयीने दोन वाडगे काढले. तू इथे शेवटचा आलास त्याला दोन वर्षं होत आली, तरी हात ऐकत नाही. दुसरा वाडगा परत ठेवताना मला रडू आलं की राग आला, हे खरंच सांगता येणार नाही. हल्ली माझं बऱ्याच बाबतींत असंच होतं. पूर्वी मला सगळं कसं स्वच्छ कळायचं, तुला आठवतंय ना? आपली मेम म्हणायची, 'माझ्या या लेकीला देवाने मनाऐवजी फूटपट्टी दिलीय.'

मागच्या शनिवारी ट्राइनमावशीला भेटायला गेले होते. तू जातोस की नाही ते मला माहीत नाही, तिनेही सांगितलं नाही. आल्डेसुमच्या बेकरीमागची तिची खोली आता नाही. शहरातल्या एका शुश्रूषागृहात तळमजल्यावर तिला खाट दिलीय, खिडकीतून मेंढ्यांची कोकरं दिसतात. मी साखरेचा पाव घेऊन गेले होते. मला बघून म्हणाली, 'कोण, हिस्के? भावाने पाठवलंय की आपणहून आलीस?' मी म्हटलं, आपणहून. 'मग बस. आणि हा काय पाव आहे? साखर मोजून घातलीय मेल्याने. माझ्या दुकानात असता तर त्याला भट्टीजवळ उभा केला नसता.' शहाऐंशी वर्षांची बाई, डावा पाय गुडघ्याखाली नाही, पण जीभ होती तशीच. नसलेल्या पायाला खाज सुटते म्हणाली, आणि खाजवायला गेलं की हात गादीला लागतो. मग तुझा विषय तिनेच काढला. 'लहानपणी माझ्या दुकानात एक पाव निवडायला अर्धा तास घ्यायचा तुझा भाऊ. इतका सावकाश माणूस. त्याला नेमकी त्याच दिवशी कसली घाई झाली गं?'

मी पाव कापत राहिले. तर ती म्हणाली, 'मला कुणी धड सांगतच नाही. माझा वकील म्हणतो, पूल उघडायला बंदी होती. त्याचा वकील म्हणतो, बंदी नव्हती, नुसता सल्ला होता. दोघं एकाच कागदातली एकच ओळ वाचून दाखवतात. तुझं तर हेच काम ना? मग तू सांग. होती की नव्हती?' रिन्से, मी तिचं पांघरूण नीट केलं. ते नीटच होतं, तरी केलं. 'मावशी, ते जरा गुंतागुंतीचं आहे' असं काहीतरी पुटपुटले. ती म्हणाली, 'गुंतागुंतीचं? पाय तर एकच गेला.' परतीच्या बसमध्ये मी दोन थांबे पुढे गेले, उतरायचं भानच राहिलं नाही.

तुला हे सगळं माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, तरी मला एकदा क्रमाने मांडू दे. माझ्या डोक्यात ते उलटसुलट झालंय; कधी वाटतं सुरुवात जुलैत झाली, कधी वाटतं त्याच्याही चार वर्षं आधी. जुलैतला तो शनिवार, दुपारचे साडेबारा. आल्डेसुमच्या कालव्यात दोन्ही बाजूंना शिडाच्या बोटी खोळंबलेल्या. तू बावीस किलोमीटर दूर, त्या मध्यवर्ती कक्षात, सहा पुलांचे पडदे समोर घेऊन बसलेला. आल्डेसुमचे पाच कॅमेरे. त्यातला चौथा, उत्तरेकडच्या पायवाटेचा कोपरा दाखवणारा, अकरा दिवस पांढरा दिसत होता, कारण त्याच्यावर कोळ्याने जाळं विणलं होतं. साफ करा म्हणून तू तीनदा कळवलं होतंस. बाकी चारांत पूल रिकामा दिसला. घंटा झाली, अडसर खाली आले आणि तू पूल उचललास. आणि त्याच कोपऱ्यात ट्राइनमावशीच्या तीनचाकी गाडीचं चाक फटीत अडकलेलं होतं. बोटीवरचा एक जण बिनतारीवर ओरडला, 'थांब! थांब! वर बाई आहे!' आणि तू थांबवलास. दोन सेकंदांत, असं अहवालात आहे. पण तेवढ्यात गाडी उलटली होती आणि पाय कठडा आणि पुलाची कड यांच्यामध्ये सापडला होता.

आपले हाइत असते तर लेकाला काय म्हणाले असते, हा विचार मी नको नको म्हणताना करते. त्याच जागी त्यांचा जुना पूल होता, हाताने फिरवायचा. बोटीचा भोंगा वाजला की ते आधी हातातली कॉफी ठेवायचे, मग पूर्ण पूल चालत जायचे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, 'आहे का कुणी?' असं मोठ्याने म्हणत. रिकामा पूल समोर दिसत असला तरी चालायचे. तू एकदा विचारलंस, 'दिसतंय तर सगळं, मग हाइत, तुम्ही चालता कशाला?' तर म्हणाले, 'पूल उघडायचा म्हणजे चालायचं.' त्यांना हे कुणी लिहून दिलं नव्हतं. आणि मी मात्र पुढे जाऊन हे लिहून देणारीच झाले.

माझं काम काय आहे ते तू कधी विचारलं नाहीस, आणि मीही सांगितलं तेव्हा फुशारकीनेच सांगितलं. आमचं मंडळ लांबून चालवल्या जाणाऱ्या पुलांची नियमावली बनवतं, आणि मी त्यासाठीच्या समितीची सचिव. तांत्रिक बाजू अभियंते बघतात, शब्द माझे. नियमावलीच्या पहिल्याच पानावर आम्ही छापतो: 'केलेच पाहिजे' म्हणजे सक्ती, 'करणे योग्य' म्हणजे शिफारस, 'करता येईल' म्हणजे मुभा. बस, तीनच. चौथा प्रकार नाही. 'करावे' आणि 'करू नये' यांना आमच्याकडे बंदी, कारण ते शब्द दोन्ही बाजूंना झुकतात. बागेतल्या पाटीवर 'फुले तोडू नयेत' असतं, त्याला दंड आहे. मेम म्हणायची, 'चेरी खाऊन लगेच दूध पिऊ नये,' त्याला कसला दंड? पुलावर बसलेल्या माणसाला ते पाटीवरचं 'नये' आहे की मेमचं, हे कळणार कसं? म्हणून कुणाच्याही मसुद्यात 'करावे' दिसलं की मी हिरव्या पेनाने कापायचे आणि समासात लिहायचे, 'नक्की काय म्हणायचंय?' कार्यालयात मला 'पाहिजेबाई' म्हणतात. तोंडावरसुद्धा. मला ते आवडायचं.

आणि पाच वर्षांपूर्वी मी स्वतःच ते लिहिलं. कलम सहा-चार. कॅमेऱ्याचं चित्र नीट दिसत नसेल तर काय, एवढाच प्रश्न होता. चौथी बैठक त्यावरच चालली होती, चौदा माणसं, एक खिडकी. मरीट नावाची अभियंता एका बाजूला, तिला सक्तीच हवी होती. दुसऱ्या बाजूला छोट्या नगरपालिकांचा प्रतिनिधी तेऊन. तो म्हणाला, 'माझ्या तीन पुलांवर रोज सकाळी काचा धुक्याने भरतात. उघडताच कामा नये असं लिहिलंत तर बोटी दुपारपर्यंत बदकांसारख्या तरंगत राहतील आणि शिव्या मी खाईन.' मरीट म्हणाली, 'आणि न उघडणे योग्य असं लिहिलं तर ते कुणी वाचणारसुद्धा नाही. माणूस दिसत नाही म्हणजे माणूस नाही, असं नसतं, तेऊन.' 'मला शिकवू नकोस, माझं अर्धं आयुष्य पुलांवर गेलंय.' 'मग तर तुला कळायलाच हवं!' जेवणाची सुट्टी झाली, चीजचा पाव आणि ताक पोटात गेलं, तरी दोघं जागचे हलेनात. तेव्हा अध्यक्ष माझ्याकडे वळले. म्हणाले, 'हिस्के, तुझ्या पोतडीतून काढ काहीतरी. चारची गाडी चुकली तर आज बायको मला घरात घेणार नाही.'

मी उठले आणि फळ्यावर लिहिलं: 'कॅमेऱ्याचे चित्र अस्पष्ट असल्यास पूल उघडू नये.' तेऊनने वाचलं आणि मान हलवली. मरीटने वाचलं आणि मान हलवली. रिन्से, मी त्या दोन्ही माना बघत होते आणि मला तिथल्या तिथे कळलं होतं की दोघांनी दोन वेगळी वाक्यं वाचली आहेत. हे मला नंतर सुचलेलं शहाणपण नाही. त्या क्षणी माहीत होतं. शब्द निवडलाच मुळी त्यासाठी. अध्यक्षांनी टाळी वाजवली, सगळे तीन-पन्नासला कोट घालून मोकळे झाले, आणि मला इतकं छान वाटलं होतं की घरी येताना मी स्वतःसाठी सफरचंदाचा केक घेतला.

एक चूक माणूस करतो. पुढचं सांगायला मला जास्त जड जातंय. अपघातानंतर, सप्टेंबरात, अध्यक्षांचा फोन आला: 'ते सहा-चार जरा सरळ करून टाक. गाजावाजा नको.' मी केलं. 'उघडू नये' काढलं आणि 'उघडताच कामा नये' घातलं. पण प्रत्येक दुरुस्तीसमोर एक रकाना भरावा लागतो, बदल कसला आहे त्याचा. अर्थ बदलला असं लिहिलं की सहा महिने हरकती, पुन्हा मतदान, पुन्हा तेऊन आणि मरीट. तोपर्यंत इतर पुलांवर काय होईल, या विचाराने मला झोप नव्हती. हेही खरं आहे, आणि मी माझी जुनी करामत झाकत होते हेही खरं आहे. दोन्ही किती किती होतं, ते मी आजही वेगळं करून दाखवू शकत नाही. मी रकान्यात लिहिलं: 'भाषिक दुरुस्ती. अर्थात बदल नाही.' अर्ध्या तासाचं काम. आणि डिसेंबरात तुझ्या वरिष्ठांनी तोच कागद तुझ्यावरच्या आरोपपत्राला जोडला. बघा, म्हणे, नियमावलीवालेच सांगतात की अर्थ पहिल्यापासून सक्तीचाच होता, चालकाने तो मोडला. तो कागद कुणी लिहिला हे तुला ठाऊक होतं का? खाली नावं नसतात आमची. मी नाताळात तुला कार्ड पाठवलं, त्यावर बर्फात उभी असलेली दोन बदकं होती. तुला ते बघून काय वाटलं असेल, या कल्पनेने आता कानशिलं तापतात.

जानेवारीत चौकशी समितीने मला बोलावलं, कलमाचा अर्थ समजावून सांगायला, जाणकार म्हणून. तयारीसाठी कागदपत्रांचा गठ्ठा दिला, त्यात तुझा जबाब होता. तो मी स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचला. तू कुणावर काही ढकललेलं नाहीस. कॅमेरा पांढरा होता, मला दिसत होतं, तरी मी उघडला, एवढंच. मग त्यांचा प्रश्न: 'कलम सहा-चार सक्तीचे आहे की शिफारस, याबाबत आपण कधी कुणाला विचारले होते का?' आणि तुझं उत्तर: 'नाही. कुणालाच नाही.'

मी ती ओळ कितीदा वाचली ते मोजलं नाही. कारण तू विचारलं होतंस, रिन्से. मला विचारलं होतंस. अपघाताच्या आधीच्या ऑक्टोबरात, माझ्या वाढदिवसानंतरचा रविवार होता. तू कामावरूनच फोन केलास, मागे कुणीतरी कॉफीचं यंत्र बडवत होतं. म्हणालास, 'हिस्के, ते तुमचं सहा-चार. इथे एक जण म्हणतो सक्ती, दुसरा म्हणतो सल्ला. साहेबांना विचारलं तर साहेब म्हणतात, दिसतंय तसं वाचा. तू काय म्हणतेस?' खरं उत्तर मला माहीत होतं. खरं उत्तर असं होतं की रिन्से, त्याला अर्थच नाही, मी तो काढून घेतलाय. किंवा निदान एवढं तरी की मंडळाला लेखी विचार, उत्तर येईपर्यंत उघडू नकोस. त्याऐवजी मी ताईगिरी केली. वयाने तू मोठा, पण ताईगिरी नेहमी मीच करत आलेय. म्हटलं, 'शहाणा माणूस नाही उघडणार. पण बाकी सगळं दिसत असेल, बोटी खोळंबल्या असतील, तर तुझे डोळे आहेत की. हाइतचा मुलगा ना तू?' तू हसलास. 'म्हणजे सल्ला.' आणि मी म्हटलं, 'तसंच समज.' मग आपण मेमच्या थडग्यावरच्या दगडाबद्दल बोललो, त्याच्यावर शेवाळ चढतंय म्हणून.

तुला आठवत नसेल असं काही दिवस मी स्वतःला पटवत होते. दोन मिनिटांचा फोन, कोण लक्षात ठेवतो? पण तुला सगळं लक्षात राहतं. शाळेत कुणी कुठल्या रंगाचा स्केटिंगचा स्वेटर घातला होता ते तू आजही सांगशील. मग वाटलं, तू मला वाचवलंस. लहानपणी मी बेकरीची काच फोडली तेव्हा तूच पुढे झाला होतास, तसं. मग वाटलं, छे, इतका राग आलाय की माझं नावही जबाबात नकोय तुला. आणि एकदा तर असंही वाटून गेलं की तू खरंच मला 'कुणी' धरत नाहीस. यातलं कुठलंही खरं असलं तरी तू फोन न उचलणं त्यात बसतंच. म्हणून मला काहीच कळत नाहीये. जानेवारीत मी आजारपणाचं कारण सांगून तारीख पुढे ढकलली. आजारी नव्हते.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. काल, सोमवारी, मी चौकशी समितीपुढे बसले. त्यांनी विचारलं, कलम सहा-चारचा अर्थ काय? मी सांगितलं की काही नाही. दोन्ही बाजूंना गप्प करायला मी तो शब्द निवडला होता. रकान्यात 'अर्थात बदल नाही' लिहिलं ते खोटं होतं, तेही सांगितलं. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला, म्हणाल्या, 'आपण काय बोलताय ते आपल्याला कळतंय ना?' मी म्हटलं, अजून सगळं नाही. आणि मग तुझ्या फोनचं सांगितलं, 'तसंच समज' सकट. त्यावर त्यांनी तुझा जबाब पुढे केला आणि विचारलं, 'मग आपले बंधू कुणालाच विचारलं नाही असं का म्हणतात?' फोनची नोंद इतकी जुनी आता मिळत नाही म्हणे. माझा शब्द आणि तुझा शब्द, एवढंच त्यांच्यापुढे आहे. गुरुवारी ते तुला पुन्हा बोलावतील आणि तोच प्रश्न विचारतील. तू पुन्हा 'नाही' म्हणालास तर ते लिहितील की बहीण भावाला सोडवायला खोटं बोलली, आणि मग माझं बाकीचंही कुणी खरं मानणार नाही, तो रकाना तुझ्या आरोपपत्रावर तसाच राहील, आणि ट्राइनमावशीला कुणी काही सांगणारच नाही. समितीच्या नोटिशीत लिहिलंय की साक्षीदारांनी आपापसांत बोलू नये. मी खिडकीवरच्या कारकुनाला विचारलं, हे बंधन आहे का? तो खांदे उडवून म्हणाला, 'सहसा कुणी बोलत नाही.' म्हणून हे टपालात टाकण्याआधी याची प्रत मी समितीकडे देणार आहे, तुझ्या आधी त्यांनी वाचलं तरी चालेल. सप्टेंबरपर्यंत मला ठेवतील की आधीच घरी पाठवतील, ठाऊक नाही. सकाळपासून कुणी माझ्या टेबलापाशी आलेलं नाही. ते माझं मी बघेन. तू मला वाचवलंस की मनातून काढून टाकलंस, हे विचारायला मी हे पत्र लिहीत नाहीये. ते तुला कधी सांगावंसं वाटलं तर सांग, नाही वाटलं तर राहू दे. गुरुवारी त्यांनी विचारलं, 'कुणाला विचारलं होतंत का?' तर एवढंच म्हण, रिन्से, 'हो, माझ्या बहिणीला.'

तुझीच,
हिस्के